संपला नाही, आलाच नव्हता

दुकानात त्यांना सगळेच मावशी म्हणत. मॅनेजर म्हणायचा, बिलाच्या काउंटरवरच्या मुली म्हणायच्या, आणि दारावरचे वॉचमन, जे मावशींपेक्षा वयाने चांगले मोठे होते, तेही म्हणायचे. मावशींचं काम ट्रायल रूमच्या तोंडाशी बसण्याचं. आत जाणारीच्या हातात किती कपडे आहेत ते बघून तेवढ्या आकड्याचा बिल्ला द्यायचा. ती बाहेर आली की नको असलेले कपडे परत घ्यायचे, उलटे झालेले सुलटे करायचे, बटणं लावून हँगरवर चढवायचे. काम बसून होतं, पण डोकं उठवणारं होतं.

कारण पडद्याआडचं सगळं ऐकू यायचं. अर्ध्यात अडकलेली चेन, आत ओढून धरलेला श्वास, लाकडी फळीवर आपटलेलं कोपर. आणि मग एकदम शांतता. त्या शांततेवरून मावशींना कळायचं की कपडा डोक्यातून आत गेलाय, खांद्यापाशी अडकलाय, आणि आता वरही येत नाही नि खालीही जात नाही. मग त्या पडद्यापाशी जाऊन हळू आवाजात म्हणायच्या, "हात वर करा, मी ओढते." आतल्या बाईची सुटका व्हायची, केस विस्कटलेले, चेहरा लाल, आणि ती मावशींची माफी मागायची.

या माफीचाच मावशींना जास्त वैताग यायचा. सॉरी हं, मीच जरा सुटलेय. दुसऱ्या बाळंतपणानंतर पोट उतरतच नाही बघा. आमच्या घराण्यात सगळ्यांचेच दंड असे. कपडा म्हणजे जणू दारी आलेला पाहुणा होता आणि या बायकांना त्याची नीट सोय करता आली नव्हती. मावशींना वाटायचं, अहो बाई, त्या कपड्याने तुमची माफी मागायला हवी. पण तसं बोलायची मुभा नव्हती. कामावर घेताना शिकवलं होतं की गिऱ्हाइकाला "दुसरा पॅटर्न बघा ना" एवढंच म्हणायचं.

मापांचा तर सगळा सावळागोंधळ होता. एका खणातला एल चढवला तर श्वास कोंडावा, आणि शेजारच्याच खणातल्या एलमध्ये दोघी मावाव्यात. मध्यंतरी माल नव्या कारखान्यातून यायला लागला आणि गावातल्या सगळ्या एल बायका बसल्या जागी एक्सएल झाल्या. ज्या आधीच एक्सएल होत्या त्या दुकानाच्या बाहेर गेल्या, कारण त्यापुढे इथे काही मिळतच नव्हतं. मावशी स्वतः तर पहिल्यापासूनच बाहेरच्या. रुंद खांदे, भरलेले दंड, आणि पोट असं की बसल्यावर बिल्ल्यांचा डबा त्यावर आरामात टेकावा. दुकानाचा काळा टी-शर्ट सगळ्यांना सक्तीचा होता आणि मावशींच्या मापाचा नव्हता. तेव्हा त्यांच्या नणंदेने दोन टी-शर्ट उसवून एक केला होता. काखेखालून कमरेपर्यंत दुसऱ्या शर्टाची पट्टी जोडलेली होती. आधी काळ्यावर काळी म्हणून ती खपून जायची, पण धुण्यात दोन्ही शर्ट वेगवेगळे विटले आणि पट्टी उठून दिसायला लागली.

ही नणंद मावशींच्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर एकटी राहायची. खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला ठोकलेल्या खिळ्यांवर दोऱ्याची रिळं, आणि जिभेला हाड म्हणून नाही. अंगाने काडीसारखी होती, पण मावशींचा एकूण एक कपडा तिच्या हातचा. "वहिनी, तुमच्या दुकानातल्या माणसांना बायको, आई, बहीण, कुणीच नाही का हो?" असं ती दर कपड्यामागे एकदा तरी विचारायची, आणि मावशी दर वेळी म्हणायच्या, "असतील हो ताई, पण त्यांना विचारतंय कोण."

असं सगळं वर्षानुवर्षं चालू होतं. मग एक दिवस मोठ्या खोक्यातून थोरली आली.

थोरली म्हणजे पुतळा. मुख्य कचेरीतून आधी फोन आला होता की आता आपलं दुकान प्रत्येक बाईचं, सर्व प्रकारच्या शरीरांचं स्वागत करणारं, तेव्हा प्रत्येक शाखेत एक भरदार पुतळा लावायचा. त्याबरोबर भिंतीवर लावायला मोठाली चित्रंही आली, त्यांत एक गुटगुटीत बाई मान मागे टाकून हसत होती. माल उतरवणाऱ्यांनी खोकं फोडलं, भुसा बाजूला केला आणि पुतळा उभा केला. रुंद खांदे, भरलेले दंड, पोट. काउंटरवरची एक मुलगी पटकन म्हणाली, "मावशी, तुमची थोरली बहीण आली की." सगळे हसले. मावशीही हसल्या, कारण न हसून काय करणार होत्या. त्या दिवसापासून पुतळ्याचं नावच थोरली पडलं.

एक गोष्ट मात्र मावशींना लगेच खुपली. दर्शनी काचेत आधीपासून उभ्या असलेल्या बारीक पुतळ्यांना नाक, डोळे, ओठ, केस, सगळं होतं. थोरलीला डोकंच नव्हतं. मान संपली की खुंट.

दुकानाची काच सजवणारा मनुष्य दर पंधरवड्याला यायचा. तो थोरलीला कपडे घालायला लागला आणि घोडं तिथेच अडलं. दुकानातला मोठ्यात मोठा टॉप तिच्या छातीपर्यंत आला आणि थांबला. पँट मांडीवर अडली. गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा अडकला तर ते श्वास तरी ओढून घेतं, थोरलीला तेही जमेना. सजावटवाल्याने दुसऱ्या पुतळ्यांच्या पाठीशी जाऊन त्यांच्या ड्रेसांचे चिमटे काढले आणि पुन्हा लावले, काय करावं ते न सुचून. त्या बारीक पुतळ्यांना सगळ्यात लहान मापही ढगळ व्हायचं, म्हणून पाठीमागून मूठभर कापड गोळा करून चिमट्यांनी आवळलेलं असायचं. बाहेरून बघणाऱ्याला ते दिसायचं नाही. थोडक्यात काय, त्या दुकानातले कपडे दुकानातल्या एकाही पुतळ्याला होत नव्हते. मावशींनी हे मॅनेजरला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, तुम्ही पण ना."

मॅनेजर तसा वाईट नव्हता. तरुण होता, सतत घामाघूम, आणि वरून येणाऱ्या फोनला भ्यायचा. त्याने मुख्य कचेरीला कळवलं की पुतळा पोचला, कपडे पाठवा. उत्तर आलं, पुढच्या मालात येतील. पुढच्या मालात ओढण्यांसारखे लांब रुमाल आणि हातात धरायच्या पर्स आल्या. त्याने पुन्हा फोन केला. तेव्हा कळलं की पुतळ्यांचं खातं वेगळं आणि कपड्यांचं वेगळं, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मग थोरली मागच्या गोदामाच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. सुरुवातीला तिच्या अंगावर चादर होती. चादर घसरायची म्हणून कुणीतरी ती काढूनच टाकली. जाता-येता मुली तिच्या खांद्यावर जेवणाच्या पिशव्या अडकवायला लागल्या. मानेच्या खुंटावर मॅनेजरचं हेल्मेट बसलं. पोटावर कुणी पेनने बेंबी काढली. मावशी रोज डबा खायला तिथेच बसत, आणि रोज अर्धा डबा तसाच घरी न्यायच्या. निर्जीव पुतळा आहे, हे काय त्यांना कळत नव्हतं? पण ते पोट, ते दंड, कमरेच्या वरची ती वळी, हे सगळं त्या रोज अंघोळीच्या वेळी स्वतःच्या अंगावर बघत होत्या. त्यावर हेल्मेट ठेवलेलं बघून त्यांच्या डोक्यात तिडीक जायची. एकदा त्यांनी न बोलता सगळ्या पिशव्या उतरवून खाली ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा अडकवलेल्या होत्या.

अशात खबर आली की मुख्य कचेरीतल्या मोठ्या बाई शाखांची पाहणी करायला निघाल्यात आणि त्यांना भरदार पुतळा काचेत लागलेला बघायचाय. मॅनेजरचं धाबं दणाणलं. तो मावशींपाशी आला, इकडचं तिकडचं बोलला, आणि शेवटी खाली बघत म्हणाला, मावशी, तुमचा एखादा ड्रेस मिळेल का? फक्त बाई येऊन जाईपर्यंत.

मावशींना आधी कळेचना. कळल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या मापाचा रुमालसुद्धा तुम्ही विकत नाही, आणि माझे कपडे काचेत लावणार?"

तो म्हणाला की ते वरचं धोरण आहे, त्याच्या हातात काय आहे. मावशींना सपशेल नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं तर थोरली तशीच गोदामाशी राहणार होती, हेल्मेट घालून. त्यांनी विचार करते म्हणून सांगितलं आणि घरी जाऊन नणंदेपाशी सगळं ओकल्या.

मावशींना वाटलं होतं, नणंद भडकेल. पण झालं भलतंच. तिने चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, काच रस्त्याकडची आहे ना? मग तो हिरवा द्या. गडद हिरवा, कॉलरचा, पुढे वरपासून खालपर्यंत बटणं, कमरेला किंचित आत घेतलेला, आणि दोन्ही बाजूंना हात बुडतील असे खिसे. मावशींचा सगळ्यात आवडता ड्रेस होता तो. "पण तसाच नेऊ नका," नणंद म्हणाली, "उजवी बाही मी घाईत बसवली होती. काचेत लागणार तर ती मला पुन्हा लावू दे." आणि खरंच तिने बाही उसवून पुन्हा लावली, बटणांचे दोरे घट्ट केले, इस्त्री केली, आणि वर मावशींना तंबी दिली की त्या मेल्या सजावटवाल्याला सांगा, पाठीला एकही चिमटा लावायचा नाही.

चिमट्याची गरजच पडली नाही. हिरवा ड्रेस थोरलीला असा बसला की सजावटवाला दोन पावलं मागे सरून बघत राहिला. त्याने तिचा एक हात खिशात घातला, गळ्यात रुमाल गुंडाळून मानेचा खुंट झाकला, आणि तिला काचेत अगदी मधे उभं केलं.

संध्याकाळी मावशींचा नवरा वाकडी वाट करून दुकानावरून आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायचा, बोलणं कमी. जेवताना म्हणाला, "लांबून मला तूच उभी दिसलीस. मी हात करणार होतो." मावशी फणकारल्या की त्या पुतळ्याला डोकं नाही, एवढंही दिसलं नाही का? तो म्हणाला, "ते जवळ गेल्यावर दिसलं." मावशींनी ताटातून मान वर केली नाही, पण त्यांना बरं वाटलं.

पुढचं मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बायका थांबायला लागल्या. रस्त्याने जाणाऱ्या, काचेकडे न बघण्याची सवय लागलेल्या बायका दोन पावलं पुढे जाऊन मागे यायच्या, आणि मग आत यायच्या. कितीतरी जणी अशा होत्या की ज्यांनी या दुकानात आजवर पाऊल टाकलं नव्हतं, टाकलं असेल तर मुलीसाठी किंवा भाचीसाठी. त्या सरळ मावशींकडेच यायच्या. काउंटरवरच्या बारीक मुलींना विचारायला जीव धजत नसावा. काचेतला तो हिरवा, माझ्या मापात मिळेल का हो?

मॅनेजरने सांगून ठेवलं होतं की "नाही" म्हणायचं नाही, "संपला" म्हणायचं. नाही म्हटलं की दुकानाचं नाव खराब होतं, संपला म्हटलं की वाढतं. तेव्हा मावशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत संपला, संपला करत बसायच्या. नवा माल कधी येणार? सांगता येत नाही. आधी पैसे भरून ठेवू का? नको. दुसऱ्या शाखेत असेल का? पहिल्या दिवशी मावशींना कसंनुसं झालं, दुसऱ्या दिवशी राग यायला लागला, आणि मग रागाने त्यांचं डोकं दुखायला लागलं. खोटं बोलायचा राग नव्हता तो. बायका चुकचुकून म्हणायच्या, आम्हालाच यायला उशीर झाला, आणि पुन्हा माफी मागायच्या. त्याचा होता.

मोठ्या बाई यायच्या त्या दिवशी दुपारी एक मुलगी तिच्या आईबरोबर आली. मुलगी उंचपुरी, खांद्याने रुंद, दवाखान्याची रुग्णवाहिका चालवायची. अंगात ड्रायव्हरचा खाकी शर्ट होता, पुरुषी मापाचा, बाह्या दुमडलेल्या. दवाखान्यातर्फे तिचा सत्कार होणार होता, एका पेशंटला तिने रस्ता तुंबलेला असताना वेळेवर पोचवलं होतं म्हणून, आणि तिला स्टेजवर जायचं होतं. हे सगळं आईनेच सांगितलं. आईचं म्हणणं होतं की गणवेशातच जावं, आणि नाहीतर अजून वेळ आहे, तोवर रात्रीचं जेवण सोडलं तर कुठलाही ड्रेस होईल.

मुलीने आईकडे लक्ष दिलं नाही. तिने मावशींना हिरव्या ड्रेसचं विचारलं.

"संपला," मावशी म्हणाल्या.

मुलगी किंचित हसली. "मला वाटलंच. माझ्या मापाचं असलं की मी यायच्या आधी संपलेलंच असतं." आणि ती आईचा हात धरून दाराकडे वळली. तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस पडतोय असं सांगावं तसं सांगितलं तिने.

मावशी खुर्चीवरून उठल्या. "थांब," त्या म्हणाल्या. "संपला नाही. आलाच नव्हता कधी. तो माझा आहे, माझ्या नणंदेने शिवलेला."

मुलगी वळून बघत राहिली. आईला वाटलं, ही बाई चेष्टा करतेय. मावशींनी मग जास्त काही सांगितलं नाही. त्या तरातरा काचेपाशी गेल्या, चपला काढून फळीवर चढल्या, आणि भर दुपारी, रस्त्यावरची माणसं बघत असताना, थोरलीची बटणं वरून खाली सोडायला लागल्या. काउंटरवरच्या मुली मावशी, मावशी करत धावल्या. मॅनेजर कॅबिनमधून आला तोवर ड्रेस मावशींच्या हातावर होता आणि थोरली फक्त रुमालावर उभी होती.

मावशींनी मुलीला शेवटच्या, मोठ्या ट्रायल रूममध्ये नेलं आणि स्वतः पडदा ओढला. आईने बाहेरून विचारलं, होतंय का गं? मावशींनी कान दिला. चेनचा आवाज नाही, श्वास ओढल्याचा नाही. नुसती बटणं लागत होती, एकेक करून. मग पडदा सरकला. बाह्या तिला आखूड होत होत्या, आणि लांबीही थोडी कमी, पण बटणं सगळी लागली होती आणि कुठे ताण नव्हता. मुलीने आरशात पाहिलं. मग दोन्ही हात खिशांत घातले, आणि एकदम खांदे सैल सोडले. आई काहीतरी म्हणायला गेली होती, ते तिने गिळलं आणि कॉलर नीट करायला पुढे झाली.

नेमक्या तेव्हाच मोठ्या बाई दुकानात शिरल्या.

त्यांनी आधी बाहेरून काच पाहिली होती, म्हणजे उघडी थोरली पाहिली होती. मॅनेजर त्यांच्यापुढे हात चोळत उभा राहिला. त्यांनी विचारलं की हा काय प्रकार आहे, तर तो म्हणाला, कपडे बदलायचं काम चालू आहे. तेवढ्यात बाईंची नजर आरशापुढच्या मुलीवर गेली. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि खूश होऊन विचारलं, हा आपल्या कुठल्या मालातला? कोड काय याचा?

मग मावशीच बोलल्या. आपल्या मालातला नाही, माझा स्वतःचा. त्यांनी पुतळ्याचं, रुमालांचं आणि संपला-संपलाचं, सगळं सांगून टाकलं. नोकरी गेली तर गेली, असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. राग इतका होता की नोकरी आठवलीच नाही.

मोठ्या बाईंनी शांतपणे ऐकलं. त्यांना राग आला नाही, हेच मावशींना जास्त विचित्र वाटलं. बाई खुर्चीत बसल्या. त्यांच्या महागड्या जाकिटाची बटणं उघडी होती, आणि ती लागण्यातली नव्हती हे मावशींच्या नजरेतून सुटलं नाही.

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मी प्रत्येक बैठकीत हेच सांगते. ते म्हणतात, मोठी मापं खपत नाहीत."

"ठेवतच नाही तर खपतील कशी?"

"मी पण हेच म्हणते."

"मग?"

"मग ते म्हणतात, मागणी दाखवा."

मावशींनी कपाळाला हात लावला. दिवसभर आपल्यापुढे येऊन ज्या बायका माफी मागून जात होत्या, त्या म्हणजे काय होतं? ती मागणी नव्हती तर काय भजन होतं? हे त्या मोठ्याने म्हणाल्या नाहीत. सगळ्यांनाच सगळं ठाऊक होतं. मॅनेजरला, या बाईंना, बहुधा त्या वरच्यांनाही. आणि तरी कुणाचंच ते काम नव्हतं. भांडायला समोर दुष्ट माणूस असता तर बरं झालं असतं.

मोठ्या बाई जाताना एवढंच म्हणाल्या की कपड्यांच्या खात्याला बिलामागे छापलेल्या नंबरवर आलेले फोन मोजावे लागतात, आणि सध्या या विषयावर एकही येत नाही. हे त्या सहज बोलल्या की मुद्दाम, ते मावशींना कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मावशींनी संपला म्हणणं बंद केलं. जी बाई मोठं माप विचारेल तिला सांगायचं, आम्ही ठेवत नाही. आणि कुणी सॉरी म्हटलं की डब्यात ठेवलेल्या एका बिलाची मागची बाजू दाखवायची. "मला नका सांगू बाई, यांना फोन करून सांगा. वाटलं तर आत्ताच करा, मी बिल्ला धरून थांबते." बऱ्याच जणी लाजून निघून जायच्या. पण काही करायच्या, तिथेच पडद्यापाशी उभ्या राहून. रुग्णवाहिका चालवणाऱ्या मुलीने तर दवाखान्यातल्या सगळ्या नर्सना कामाला लावलं. तिला नणंदेने त्याच नमुन्याचा ड्रेस शिवून दिला होता, बाह्या लांब करून, आणि त्यावरून नणंदेच्या दारात रांग लागली. आता वैतागायची पाळी तिची होती. एक दिवस ती मोजपट्टी गळ्यात घालूनच वर आली. मी म्हातारपणी चार घटका बसणार होते, तुम्ही माझ्यामागे अख्खं गाव लावून दिलंत, त्यांना सांगा दुकानात जा. मावशी म्हणाल्या, "ताई, दुकानात नाही म्हणून तर तुमच्याकडे येतात." त्यावर नणंद दारातच मटकन बसली आणि दोघी बराच वेळ मुख्य कचेरीला शिव्या देत राहिल्या.

फोनांचा परिणाम झाला, पण जसा व्हायचा तसाच झाला. आधी मॅनेजरला ताकीद आली की तुमच्या शाखेतून एवढ्या तक्रारी का. त्याने मावशींना ट्रायल रूमवरून काढून गोदामात किमतीच्या चिठ्ठ्या लावायला बसवलं. तिथे मावशी रोज तोंड वाजवायच्या, आणि इकडे काउंटरवरच्या मुलींना परत आलेल्या कपड्यांचे ढीग आवरेनात, तेव्हा त्याने त्यांना गुपचूप परत आणलं. मग मोठ्या मापांचा माल आला. सगळा काळा नाहीतर गडद निळा, कमर नाही, आकार नाही, खांद्यापासून सरळ खाली पोत्यासारखा. तो लागला तळघरात, पुरुषांच्या मोज्यांशेजारी, कारण वर जागा नव्हती. थोरलीलाही तिकडेच नेलं. मावशी जिन्यावरून खाली गेल्या, त्यांनी ते पोतं बोटांनी उचलून पाहिलं आणि परत वर येऊन मॅनेजरला विचारलं की ही शोकसभेची तयारी आहे का.

तरी तो माल खपला. जिना उतरून, मोज्यांतून वाट काढून बायका गेल्या आणि आठवड्याच्या आत मांडण्या रिकाम्या झाल्या. वरून विचारणा झाली, एवढा कसा खपला? मॅनेजर म्हणाला, मावशींना विचारा. कुणी विचारलं नाही. पण पुढच्या वेळी रंग आले. त्याच्या पुढच्या वेळी माल तळमजल्यावर लागला, प्रत्येक मापाचा एकेकच नग, आणि मावशी पुन्हा मॅनेजरच्या कॅबिनपुढे. त्याने त्यांना येताना पाहिलं की फोन कानाला लावायचा. त्या दारात उभ्या राहायच्या, तो ठेवेपर्यंत.

अशाच एका दुपारी, गर्दी नसताना, मावशींनी नव्या मालातला एक टॉप हँगरवरून काढला. फिका जांभळा, गळ्याशी झालर. आकडा त्यांच्या मापाचा होता. इतकी वर्षं त्या ट्रायल रूमच्या दाराशी बसल्या होत्या, आणि आत कधी गिऱ्हाईक म्हणून गेल्या नव्हत्या. त्या गेल्या. पडदा ओढला. टॉप डोक्यातून घातला, हात घातले, आणि तो सरळ खाली आला. खांद्याला बरोबर, दंडाला बरोबर, पोटावर पुरेसा सैल. त्यांनी आरशात पुढून पाहिलं, बाजूने पाहिलं, झालर दोन बोटांत धरून पाहिली.

त्या बाहेर आल्या तेव्हा टॉप पुन्हा हँगरवर होता. काउंटरवरच्या मुलीने हळूच विचारलं, बसला नाही का मावशी?

"बसला की," मावशी म्हणाल्या. "आवडला नाही."

त्यांनी तो जागच्या जागी लावला. ट्रायल रूमपाशी एक बाई हातात कपड्यांचा ढीग घेऊन बिल्ल्यासाठी खोळंबली होती, तिच्याकडे त्या वळल्या.